मीच काम करतेय आणि मीच मोजतेय... चालेल का?

कोरी_वही

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी राज्यशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. या वर्षी एक छोटा संशोधन प्रकल्प करावा लागतो. गेली दोन वर्षं मी आणि काही मैत्रिणी मतदार नोंदणीचं काम करतो. कुठल्याही पक्षाचं नाही. घरोघरी जायचं, यादीत नाव आहे का विचारायचं, नसेल तर अर्ज भरून द्यायला मदत करायची आणि निवडणूक जवळ आली की आठवण करायला पुन्हा एक फेरी मारायची. तेव्हा विषय शोधायला लांब जावं लागलं नाही: घरभेटींमुळे मतदान वाढतं का?

बेत असा आहे. निवडणूक झाली की ज्या घरांत गेलो होतो तिथे परत जायचं, मतदान केलंत का विचारायचं, टक्केवारी काढायची आणि एकूण मतदानाच्या टक्केवारीशी ताडून पाहायची. साधारण १२० माणसं होतील.

मार्गदर्शकांना आराखडा दाखवला. त्यांनी समासात एवढंच लिहिलं, "तू खेळाडू आहेस की पंच?" आणि पुढच्या आठवड्यात भेट म्हणाले. तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. काम सोडून द्यायचं का? की विषय बदलायचा?

बाकावरून

वाचतेय. माझीही हीच बोंब आहे, फक्त माझा विषय विद्यार्थी निवडणुकांचा आहे आणि मी स्वतः उभी होते. :ड

आकडेमोड

खेळाडू-पंचाचं नंतर बघू. त्याआधी तुझी मोजपट्टीच वाकडी आहे.

‘मतदान केलंत का’ या प्रश्नाला लोक खरं उत्तर देत नाहीत. सगळेच खोटं बोलतात असं नाही. पण न केलेलं मतदान केलं म्हणून सांगणारे दर सर्वेक्षणात सापडतात, आणि जिथे उत्तरं अधिकृत नोंदींशी ताडून पाहिली तिथे हे पुन्हा पुन्हा दिसलंय. तुझ्या बाबतीत तर विचारणारी कोण? महिनाभर आधी "नक्की जा हं" म्हणून सांगून गेलेली तीच मुलगी. तिच्या तोंडावर ‘नाही गेलो’ म्हणायला बऱ्यापैकी निगरगट्ट असावं लागतं.

दुसरं म्हणजे दार कोण उघडतं? ज्याला वेळ आहे, ज्याला अनोळखी माणसाशी बोलायला आवडतं, ज्याला गावगाड्यात रस आहे. तो तू गेली नसतीस तरी मतदानाला गेला असता. त्याची टक्केवारी सरासरीपेक्षा जास्त येणारच, आणि तू म्हणशील बघा, आमच्या कामाचा परिणाम!

यावर उपाय जुना आहे. १९२४ साली शिकागोत हॅरॉल्ड गॉस्नेल या अभ्यासकाने काही मतदारांना नोंदणीची आठवण करून देणारी पत्रं पाठवली, तशाच इतरांना पाठवली नाहीत, आणि दोन्हींची तुलना केली. शंभर वर्षं झाली याला. पुढे १९९८ च्या निवडणुकीत अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी सुमारे ३०,००० मतदारांवर हाच प्रयोग नीट चिठ्ठ्या टाकून केला. कोणाकडे माणूस जाईल, कोणाला टपाल जाईल, कोणाला फोन जाईल आणि कोणाकडे काहीच जाणार नाही, हे सगळं नशिबावर सोडलं. प्रत्यक्ष भेटीने मतदान चांगलंच वाढलं, टपालाने किंचित, फोनने जवळपास काहीच नाही.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर २००० सालीच छापून आलंय. वाईट वाटून घेऊ नकोस.

कोरी_वही

वाईट वाटलंच. पण बरं झालं आत्ता कळलं. मग मीही निम्म्या घरांच्या चिठ्ठ्या टाकू का?

दारोदार

थांब जरा. मी वीसेक वर्षं हेच काम करतोय, म्हणून बोलतो. चिठ्ठीत ‘जायचं नाही’ असं निघालं तर त्या घरी जायचं नाही? त्या घरात नुकतीच अठरा पूर्ण झालेली मुलगी असेल, तिचं नाव यादीत नसेल, आणि आपल्याला ते माहीत असेल. कोणाच्या तरी प्रकल्पासाठी तिला तसंच ठेवायचं? आम्ही काम लोकांसाठी करतो, तक्त्यांसाठी नाही. रागावून नाही म्हणत, पण मला हे पटत नाही.

आकडेमोड

काका, एक विचारू? आजवर तुम्ही सगळ्या घरांत गेलात का?

दारोदार

नाही. माणसं कमी पडतात.

आकडेमोड

मग कुठली घरं राहतात?

दारोदार

बोल. कळलं कुठे नेतोयस ते. जिन्याच्या वरची राहतात. कुत्रा असलेली राहतात. गेल्या वेळी ज्यांनी तोंडावर दार लावलं ती राहतात.

आकडेमोड

म्हणजे वगळणं होतंच. फक्त ते पाय दुखण्यावर आणि कुत्र्यावर ठरतं. त्यापेक्षा चिठ्ठी न्याय्य नाही का? नोंदणीच्या मदतीला हात लावू नका, ती सगळ्यांना द्या. प्रयोग फक्त निवडणुकीच्या आधीच्या आठवणीच्या फेरीपुरता ठेवा. ती फेरी तशीही अर्धवटच होते ना?

कोरी_वही, चिठ्ठ्या टाकल्यास तर एक पक्कं लक्षात ठेव. ज्यांच्या नावापुढे ‘जायचं’ निघालं ती सगळी घरं एका बाजूला, मग दार उघडो न उघडो. बंद दारं गाळलीस की दार उघडणाऱ्यांचा तोच जुना घोळ मागल्या दाराने परत येतो. मोजायला ‘मत दिलंत का’ हा प्रश्न नको, प्रत्यक्ष कोण मतदान करून आलं याची नोंद हवी. काही देशांत अशी यादी अभ्यासकांना मिळते, काही ठिकाणी मिळत नाही. ते आधी विचारून घे.

कोरी_वही

दारोदारकाका, तुमचं म्हणणंही मनात राहिलंय. पण नोंदणी सगळ्यांना आणि चिठ्ठी फक्त आठवणीला, हे मला जमेल असं वाटतंय. १२० जणांचे साठ-साठ करते.

आकडेमोड

आता खरी वाईट बातमी.

समज, आठवण न केलेल्यांपैकी निम्मे मतदान करतात. तुझ्या भेटीने त्यात आठ टक्क्यांची भर पडते असं धरू, आणि ही भर भरपूर झाली. तो फरक खात्रीने पकडायचा तर दोन्ही बाजूंना सुमारे सहाशे-सहाशे माणसं लागतात. साठ-साठमध्ये अठरा टक्क्यांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगानेही दिसू शकतो, इकडे किंवा तिकडे. त्यात एका घरातली माणसं बहुतेक एकत्र मतदानाला जातात किंवा सगळीच घरी बसतात, म्हणजे साठ डोकी ही साठ स्वतंत्र उत्तरं नव्हेतच.

प्रयोग बिनचूक असूनही त्यातून काहीच निघणार नाही. आणि चुकून मोठा फरक दिसलाच, तर तू खूश होऊन लिहून टाकशील. ते जास्त धोक्याचं.

खवचट_बोका

थोडक्यात, काम करू नये, मोजू नये, घरी बसून धागे काढावेत. +१.

गंमत सोडा, पण या मंडळींच्या प्रयोगांचं फार कौतुक चाललंय म्हणून सांगतो. त्याच गर्बर-ग्रीन जोडीने लॅरिमर नावाच्या तिसऱ्या अभ्यासकाबरोबर २००६ मध्ये मिशिगन राज्यात एक प्रयोग केला, तो २००८ मध्ये छापून आला. चार प्रकारची पत्रं. काहींना साधं ‘मतदान हे कर्तव्य आहे’. काहींना ‘तुमचा अभ्यास चालू आहे’. काहींना त्यांच्याच घराने मागे मतदान केलं की नाही याची नोंद. आणि शेवटच्यांना शेजाऱ्यांचीसुद्धा नोंद, वर ‘निवडणुकीनंतर पुन्हा यादी पाठवू’ अशी पुस्ती. पत्र न मिळालेल्यांत २९.७ टक्के मतदान झालं. शेजाऱ्यांची यादी मिळालेल्यांत ३७.८.

आता सांगा, यातली नागरिकशास्त्राची तळमळ कुठली आणि चारचौघांत उघडं पाडायची धमकी कुठली? मतदान वाढलं म्हणून सगळं माफ?

बाकावरून

मधलं पत्र भारी आहे. नुसतं ‘तुमचा अभ्यास चालू आहे’ म्हटलं तरी लोक मतदानाला जास्त जातात?

आकडेमोड

हो. ३२.२. अडीच टक्के नुसते कोणीतरी बघतंय म्हणून. कोरी_वही जेव्हा वही उघडून दारात उभी राहते तेव्हा ती वहीसुद्धा प्रचारच करत असते.

बोक्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मी ते पत्र पाठवलं नसतं.

टिपणवही

उशिरा येतेय. मी हा विषय बरीच वर्षं शिकवला, आता निवृत्त आहे, त्यामुळे लांबण लागेल.

बोक्याने काढलेला मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड आणि डार्टमथ या विद्यापीठांच्या संशोधकांनी मोंटाना राज्यातल्या सुमारे एक लाख मतदारांना पत्रकं पाठवली होती. निवडणूक न्यायाधीशांची, पक्षविरहित. पत्रकावर उमेदवार कोणत्या विचारसरणीकडे झुकतात याची पट्टी छापलेली, तिच्यावर खुणेला ओबामा आणि रॉम्नी (२०१२ चे अध्यक्षपदाचे दोन उमेदवार), आणि माथ्यावर चक्क राज्याची राजमुद्रा. लोकांना ते सरकारी पत्रक वाटलं. गदारोळ झाला आणि दोन्ही विद्यापीठांना मतदारांची जाहीर माफी मागावी लागली. संशोधकांना कोणाला निवडून आणायचं नव्हतं, त्यांना फक्त बघायचं होतं. पण नुसतं बघायलाही त्यांनी निवडणुकीत हात घातलाच.

तेव्हा ‘खेळाडू की पंच’ हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही, बाळ. स्वतःला पंच समजणारेही मैदानातच उभे असतात. तुझं बरं आहे, तुझा गणवेश सगळ्यांना दिसतो.

आता मला जे सांगायचंय ते. व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गाव होतं. सगळं गाव एका कापड गिरणीवर जगायचं, आणि महामंदीत ती गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांच्या गटाने १९३१ च्या अखेरीपासून तिथे अभ्यास केला आणि १९३३ मध्ये तो प्रसिद्ध केला. याहोडा तेव्हा पंचविशीतही नव्हती. या गटाने स्वतःला एक नियम घालून घेतला होता: गावात कोणीही नुसता बघ्या म्हणून जायचं नाही. प्रत्येकाने गावाच्या उपयोगाचं काहीतरी करायचं आणि ते करताना बघायचं. त्यांनी व्हिएन्नातून कपडे गोळा करून वाटले, डॉक्टरांची तपासणी ठेवली, बायकांसाठी कापड बेतण्याचे वर्ग घेतले. कपडे हवेत का हे विचारायला घरी गेलं की घराची अवस्था आपोआप कळायची. बेतण्याच्या वर्गात बायका बोलायच्या.

आणि त्यांना दिसलं काय? बेकारीने माणसं पेटून उठतील असं तेव्हा पुष्कळांना वाटत होतं. तसं झालं नव्हतं, माणसं विझली होती. हाताशी दिवसभर वेळ असताना वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं होतं, तेही पुस्तकं फुकट केल्यावर. राजकीय वर्तमानपत्राचे वर्गणीदार घटले होते. आडून, घड्याळ लावून त्यांनी रस्त्यावरून चालणाऱ्यांचा वेग मोजला. पुरुष सावकाश चालायचे आणि वाटेत सारखे थांबायचे. बायका थांबत नव्हत्या, कारण घरचं काम संपलेलं नव्हतं.

कपडे वाटल्याने तो अभ्यास खोटा ठरला नाही. काय वाटलं, कोणाला वाटलं, ते वाटताना काय कळलं, हे त्यांनी उघड लिहून ठेवलं होतं.

तुझा प्रश्न चुकलाय, काम नाही. ‘आमच्यामुळे मतदान वाढलं का’ याचं उत्तर १२० माणसांत मिळणार नाही हे आकडेमोड यांनी दाखवलंच. पण दारात उभी राहून तुला जे ऐकू येतं ते ३०,००० माणसांचा तक्ता करणाऱ्याला ऐकू येत नाही. ‘नको’ म्हणणारी माणसं नेमकं काय म्हणतात?

दारोदार

हे मी सांगू शकतो. वीस वर्षं ऐकतोय. "सगळे सारखेच." "वेळ नाही." "घरातले सांगतील तिकडे." आणि काही जण नुसतं हसतात.

टिपणवही

तुम्ही ऐकलंत, पण लिहून ठेवलंत का? गेल्या वर्षी ‘सगळे सारखेच’ म्हणणारा यंदाही तेच म्हणतो का? आणि मुख्य म्हणजे, तो हे तुम्हाला म्हणतो की तुमच्या हातातल्या अर्जाला?

दारोदार

लिहिलं नाही. चूक झाली खरी.

कोरी_वही

टिपणवहीताई, हे वाचून रात्री झोप लागली नाही. चांगल्या अर्थाने. आमच्याकडे अर्ज भरलेल्यांचीच यादी असते. ज्यांनी नको म्हटलं त्यांची आम्ही दोन वर्षांत एक ओळसुद्धा ठेवलेली नाही. काम झालं नाही म्हणून नोंदही नाही!

विषय असा बदलतेय: नोंदणीला किंवा मतदानाला नकार देणारे लोक दारात कोणती कारणं देतात, आणि दुसऱ्या भेटीत ती कशी बदलतात. पण बोलणं चालू असताना लिहायचं कसं? आणि परवानगी कशी मागायची? ‘मी तुमचा अभ्यास करतेय’ म्हटलं की झालंच मग, ३२.२.

टिपणवही

परवानगी मागायचीच, त्यात सवलत नाही. माणसांवरच्या संशोधनाची नीती सांगणाऱ्या १९७९ च्या अमेरिकेतल्या बेल्मॉन्ट अहवालापासून ही गोष्ट बहुतेक सगळीकडे मूळ धरून आहे: माणसाला मान द्यायचा, त्याचं भलं बघायचं, आणि ओझं-फायदा न्यायाने वाटायचा. तुमच्या महाविद्यालयात नीतिमत्ता समिती असेल तर तिच्याकडे आधी जा. नसेल तर मार्गदर्शकांची लेखी संमती घे.

शब्द साधे ठेव. ‘मी मतदार नोंदणीला आलेय. शिवाय लोक काय म्हणतात ते माझ्या अभ्यासासाठी लिहून ठेवतेय. नाव लिहिणार नाही. नको असेल तर लिहिणार नाही, अर्जाला मात्र मदत करेनच.’ हे शेवटचं वाक्य गाळू नकोस. नाहीतर समोरच्याला वाटतं की बोललो नाही तर अर्ज भरून मिळणार नाही.

दारात वही उघडू नकोस. बाहेर पडलीस की जिन्यात बसून लगेच लिही. संध्याकाळवर टाकलंस तर त्यांचे शब्द जातात आणि तुझे राहतात. वहीच्या डाव्या पानावर त्यांचं बोलणं आणि उजव्या पानावर तू काय म्हणालीस, तुला काय वाटलं. परीक्षकांनी ‘खेळाडू की पंच’ विचारलं की उजवी पानं दाखव.

आकडेमोड

उजव्या पानाला जोरदार अनुमोदन. आणि न पटणाऱ्या नोंदी गाळू नकोस. दहा जण ‘वेळ नाही’ म्हणाले आणि एक जण ‘मला भीती वाटते’ म्हणाला, तर तो एकही आला पाहिजे. टक्केवारी मात्र देऊ नकोस, मी परीक्षक असतो तर तिथेच गाठलं असतं.

खवचट_बोका

अवांतर: गोष्ट छान रंगायला लागली की माणूस नोंदी बनवायला लागतो. २०१४ च्या डिसेंबरात ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत एक निबंध आला होता. दारावरच्या एका संभाषणाने लोकांची मतं टिकाऊपणे बदलतात, असा. लिहिणाऱ्यांत एक पीएचडीचा विद्यार्थी. पाच महिन्यांत निबंध मागे घेतला गेला, कारण त्याने दाखवलेलं सर्वेक्षण झालंच नव्हतं असं दिसून आलं. पकडलं कोणी? तसाच प्रयोग खरोखर करायला निघालेल्या दोन विद्यार्थ्यांनी. त्यांना वाटलं, याला एवढे प्रतिसाद मिळतात तर आम्हाला का मिळत नाहीत?

आकडेमोड

पुढचं राहिलं. ते दोघे म्हणजे ब्रूकमन आणि काला. त्यांनी मग खरा प्रयोग पुरा केला आणि २०१६ मध्ये छापला. दहा मिनिटांच्या संभाषणाने पूर्वग्रह कमी होतो आणि तो परिणाम तीन महिने तरी टिकतो, असं निघालं.

खवचट_बोका

म्हणजे तो बनावट तक्ता करणारा बरोबर होता, फक्त त्याने काम केलं नव्हतं. मला हे फार आवडतं.

कोरी_वही

दीड महिन्याने धागा वर आणतेय, रागवू नका.

विषय मंजूर झाला. मार्गदर्शकांनी उजव्या पानांची कल्पना वाचली आणि या वेळी समासात काही लिहिलं नाही, नुसती बरोबरची खूण केली. त्यांच्याकडून एवढंही पुष्कळ आहे.

वही निम्मी भरली. काल सगळी वाचून काढली तर लक्षात आलं की बोलणाऱ्या बहुतेक बायका आहेत, आणि म्हातारी माणसं. मला वाटलं, अरे वा, काहीतरी सापडलं. मग वेळा बघितल्या. कॉलेज सुटल्यावर, दुपारी दोन ते चार. दुसरं कोण असणार घरी?

आकडेमोड

:ड संध्याकाळी सातनंतर जा. रविवारीही. आणि हे असंच्या असं प्रकल्पात लिही.

कोरी_वही

लिहिलंय. अजून एक सांगायचंय, दारोदारकाकांसाठी खास.

एका आजींकडे दुसऱ्यांदा गेले. पहिल्या वेळी त्या नको म्हणाल्या होत्या, आणि मी जिन्यात बसून लिहिलं होतं, "मत देऊन काय फरक पडतो, असं म्हणाल्या." या वेळी त्यांनी विचारलं, माझ्याबद्दल काय लिहिलंस ते वाचून दाखव. घाबरतच वाचलं. त्या म्हणाल्या, "असं नाही म्हटलं मी. मी म्हटलं, मी मत देऊन कोणाला फरक पडतो."

मला दोन्ही वाक्यं सारखीच वाटली होती. जिना उतरेपर्यंत.

दारोदार

वीस वर्षांत मी कोणाला वाचून दाखवलं नाही. लिहिलंच नव्हतं म्हणा.

अर्ज भरला का त्यांनी?

कोरी_वही

नाही भरला. पुढच्या बुधवारी ये म्हणाल्यात.

बाकावरून

ते चुकीचं वाक्य खोडलंस का?

कोरी_वही

नाही. डावीकडून काढून उजव्या पानावर नेलं. ते माझं होतं.